रीस्टार्ट केल्यावरच सुधारणारा जावा सर्व्हर : मेमरीच्या तक्रारीचे निदान कोणत्या क्रमाने करावे

लक्षणे

सकाळी कार्यालय उघडते तेव्हा सॉफ्टवेअर झटपट चालत असते आणि अकरा-साडेअकरापर्यंत कोणाची तक्रार नसते. दुपारनंतर एखादे पान उघडायला वेळ लागू लागतो. मग मधूनच सगळे वापरकर्ते एकदम अडकतात, काही सेकंदांनी सगळे एकदम सुटतात, आणि अशा दोन अडकण्यांमधले अंतर कमी कमी होत जाते. त्या वेळी सर्व्हरवर पाहिले तर कामाचा ताण फारसा नसतो, डेटाबेस निवांत असतो, पण जावाची प्रक्रिया मात्र सगळे कोअर व्यापून बसलेली असते. शेवटी लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’ उमटते, किंवा काहीही न उमटता प्रक्रियाच नाहीशी होते. कोणीतरी सर्व्हर रीस्टार्ट करते, सगळे सुरळीत होते, आणि दुसऱ्या दिवशी किंवा पुढच्या आठवड्यात तेच सगळे पुन्हा घडते.

यातले ‘सगळे एकदम अडकणे’ हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे आहे. फक्त एखादा अहवाल किंवा एखादीच स्क्रीन मंद असेल आणि त्याच क्षणी बाकीची कामे सुरळीत चालत असतील, तर दोष बहुधा डेटाबेसच्या क्वेरीत किंवा नेटवर्कमध्ये असतो. तिथे पुढील तपासण्या करून वेळ दवडू नये.

पुण्यातल्या पेठांमधल्या पतसंस्था, मार्केट यार्डातले आडते, भोसरी-चाकणकडचे कारखाने आणि हिंजवडीतल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्या अशा ठिकाणचे जावा सर्व्हर मी सांभाळतो. व्यवसाय वेगवेगळे असले तरी ही तक्रार सगळीकडे सारखीच येते आणि तिच्यावरचा पहिला उपायही सगळीकडे सारखाच सुचवला जातो : रॅम वाढवा. काही वेळा तो बरोबर असतो. पण तो बरोबर आहे की नाही हे खर्चाआधी, फुकटात कळू शकते, म्हणून पुढचा क्रम स्वस्तातल्या तपासणीकडून महागड्या तपासणीकडे जाणारा ठेवला आहे. मजकूर जावा ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांमधील हॉटस्पॉट या नेहमीच्या जेव्हीएमविषयी (जावाचे प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेविषयी) आहे.

जीसी काय उचलतो आणि काय उचलत नाही

प्रोग्रामरने स्वतः मेमरी मोकळी करण्याऐवजी ते काम यंत्रणेने, म्हणजे गार्बेज कलेक्टरने (जीसी) करावे, ही कल्पना जॉन मॅकार्थी यांनी १९५९च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी मांडली आणि १९६०मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर या तंत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी मूळ नियम बदललेला नाही. चालू थ्रेडचे (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांचे) स्टॅक, वर्गांमधली (क्लासमधली) स्टॅटिक फील्ड अशा काही मुळांपासून सुरुवात करून संदर्भांच्या साखळीने जिथपर्यंत पोहोचता येते त्या सगळ्या वस्तू (ऑब्जेक्ट) जिवंत मानायच्या आणि उरलेल्या कचऱ्यात काढायच्या, एवढेच जीसी करतो. एखादी वस्तू प्रोग्रामला पुन्हा कधी लागणार आहे का, याचा विचार त्याच्या कक्षेत येत नाही. कोणत्या तरी स्टॅटिक मॅपने (किल्लीवरून नोंद देणाऱ्या साठ्याने) गेल्या महिन्यातली एखादी पावती धरून ठेवली असेल, तर ती पावती कोणी कधीच वाचणार नसली तरी तिच्यापर्यंत वाट आहे आणि म्हणून ती जिवंत आहे. जावामध्ये ‘मेमरी लीक’, म्हणजे गळती, म्हणतात ते हेच.

यातून या संपूर्ण लेखाचा आधार असलेले एकच मोजमाप निघते. या वस्तू ज्या मेमरीत राहतात त्या हीपमध्ये या क्षणी किती मेमरी वापरात आहे, या आकड्याला फारसा अर्थ नाही, कारण त्यात अजून न उचललेला कचराही असतो. निरोगी सर्व्हरचा आलेखसुद्धा करवतीच्या दात्यांसारखा वर जातो आणि खाली येतो. अर्थ आहे तो पूर्ण सफाई झाल्यानंतर उरलेल्या मेमरीला. तिला मी पुढे ‘तळ’ म्हणेन. तळ दिवसभर चढत असेल तर काहीतरी धरून ठेवले जात आहे. तळ स्थिर असूनही सर्व्हर धापा टाकत असेल तर हीप अपुरा आहे किंवा कचरा फार वेगाने निर्माण होतो आहे. तळ स्थिर असताना प्रक्रियाच मरत असेल तर चोर हीपच्या बाहेर आहे. या तिन्हींचे उपाय परस्परांहून इतके भिन्न आहेत की तळ न पाहता केलेला कोणताही बदल म्हणजे अंदाजपंचे कारभार ठरतो.

पहिली तपासणी : रीस्टार्टपूर्वीची नोंद

हिला एक वही पुरते. सर्व्हर केव्हा सुरू झाला, केव्हा मंद पडला, त्या वेळी कोणते काम चालू होते आणि शेवटची नवी आवृत्ती केव्हा चढवली, या चार गोष्टी प्रत्येक वेळी लिहून ठेवाव्यात. काही नोंदींनंतर बहुधा दोनपैकी एक चित्र दिसते. सर्व्हर सुरू झाल्यापासून ठरावीक वेळाने मंद पडत असेल तर हळूहळू साचणाऱ्या गळतीचा संशय घ्यावा. ठरावीक कामाच्या वेळीच पडत असेल, उदाहरणार्थ महिनाअखेरीच्या अहवालाच्या वेळी, तर त्या एका कामाला लागणाऱ्या मेमरीचा.

रीस्टार्टमुळे गळती झाकली जाते, हेही या नोंदींतूनच कळते. भोसरी भागात औद्योगिक साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. तिथल्या एका कारखान्यात दर गुरुवारी सर्व्हर बंद होत असे, त्यामुळे सॉफ्टवेअरमधली गळती सहा दिवसांपलीकडे कधी पोहोचतच नव्हती आणि ती आहे हे कोणाला माहीतही नव्हते. मार्चअखेरीच्या घाईत सुट्टीच्या दिवशीही काम सुरू ठेवले गेले आणि ‘कालपर्यंत उत्तम चालणारा’ सर्व्हर ऐन शनिवारी आडवा झाला. दोष त्या आठवड्यातला नव्हता, पण सगळ्यांनी त्याच आठवड्यात केलेले बदल शोधले.

दुसरी तपासणी : त्रुटीचा संदेश अक्षरशः वाचणे

‘आउट ऑफ मेमरी’ एवढे तीन शब्द वाचून लोक थांबतात. खरी माहिती त्यापुढे असते. पुढे ‘जावा हीप स्पेस’ असेल तर हीप भरला आहे. ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ असेल तर प्रक्रियेचा अठ्ठ्याण्णव टक्क्यांहून अधिक वेळ सफाईत जात आहे आणि तरीही हीपचा दोन टक्केसुद्धा भाग मोकळा होत नाही. हाही हीप भरल्याचाच प्रकार. ‘मेटास्पेस’ असेल तर वर्गांची माहिती साठवण्याची जागा संपली आहे, आणि सर्व्हर न थांबवता त्याच टॉमकॅटवर (जावाची वेब-सॉफ्टवेअर चालवणाऱ्या सर्व्हरवर) वारंवार नवी आवृत्ती चढवण्याची सवय असेल तर प्रत्येक वेळी जुन्या आवृत्तीचे वर्ग कोणीतरी धरून ठेवत असण्याची शक्यता मोठी आहे. ‘अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड’ असेल तर थ्रेड फार झाले आहेत किंवा त्यांच्यावरची ऑपरेटिंग सिस्टमची मर्यादा आडवी आली आहे. या वेळी हीप वाढवल्यास थ्रेडच्या स्टॅकसाठी उरणारी जागा आणखी घटते आणि दुखणे बळावते. ‘डायरेक्ट बफर मेमरी’ असेल तर हीपबाहेरच्या बफरांची मर्यादा गाठली गेली आहे.

संदेशच नसेल तर लिनक्सचा कर्नल-लॉग पाहावा. यंत्राची मेमरी संपत आली की कर्नल सर्वांत जड प्रक्रियांपैकी एखादी मारून टाकतो आणि सर्व्हरवर ती बहुधा जावाचीच असते. कंटेनरमध्ये, म्हणजे मेमरीची मर्यादा घालून दिलेल्या बंदिस्त कप्प्यात, हेच घडले तर बाहेर पडतानाचा संकेतांक १३७ दिसतो. १२८ अधिक ९, म्हणजे नववा सिग्नल, ज्याला प्रक्रियेला उत्तर देता येत नाही. म्हणूनच जावाच्या लॉगमध्ये त्याची एक ओळही सापडत नाही.

तिसरी तपासणी : हीपची मर्यादा प्रत्यक्षात किती आहे

‘सर्व्हरला सोळा जीबी रॅम आहे’ असे सांगितले जाते, पण जावाला त्यातली किती मिळते हे क्वचितच पाहिलेले असते. ‘एक्सएमएक्स’ हा हीपची कमाल मर्यादा सांगणारा पर्याय दिलेला नसेल तर जेव्हीएम साधारणपणे एकूण रॅमच्या चतुर्थांशाएवढी कमाल मर्यादा स्वतःच ठरवतो. आठ जीबीच्या यंत्रावर ही मर्यादा दोन जीबी होते आणि उरलेली जागा रिकामी पडून राहिली तरी जावा तिला हात लावत नाही. अशा ठिकाणी एक पर्याय लिहून तक्रार मिटते, नवी रॅम घ्यावी लागत नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. त्याच यंत्रावर डेटाबेस चालत असेल आणि हीपची मर्यादा फार मोठी ठेवली असेल, तर हीपचा काही भाग स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर जातो. एरवी थोडा स्वॅप कोणाला जाणवत नाही. जीसीला मात्र पूर्ण सफाईच्या वेळी हीपभर पसरलेल्या सगळ्या जिवंत वस्तूंना स्पर्श करावा लागतो, त्यामुळे प्रत्येक पान डिस्कवरून परत आणावे लागते आणि सेकंदाच्या आत संपणारी सफाई मिनिटांवर जाते. जावाच्या सर्व्हरवर स्वॅप वापरात दिसला तर पुढे काहीही तपासण्याआधी तो प्रश्न सोडवावा.

कंटेनरच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. जावा ८च्या १९१व्या अद्ययावत आवृत्तीपूर्वीचे जेव्हीएम कंटेनरची मर्यादा धड ओळखत नव्हते आणि संपूर्ण यंत्राची रॅम पाहून हीप ठरवत होते. असे जुने जेव्हीएम पुण्यात आजही चालू अवस्थेत सापडतात. दुसरे म्हणजे हीपची मर्यादा कंटेनरच्या मर्यादेएवढी कधीच ठेवू नये. थ्रेडचे स्टॅक, मेटास्पेस, कंपाइल केलेला कोड, बफर आणि खुद्द जीसीची हिशेबवही हे सगळे हीपच्या बाहेर राहते. त्यासाठी मी निदान चतुर्थांश जागा सोडतो. शिवाय, दोनपेक्षा कमी कोअर किंवा सुमारे पावणेदोन जीबीपेक्षा कमी मेमरी दिलेल्या कंटेनरमध्ये जेव्हीएम सहसा एकाच थ्रेडवर चालणारा ‘सीरियल’ जीसी निवडतो. काटकसरीने आखलेल्या कंटेनरमध्ये सगळे एकदम अडकण्यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

चौथी तपासणी : जीसीचा लॉग

निम्म्याहून अधिक प्रकरणांचा निकाल इथे लागतो, म्हणून यावर सर्वाधिक वेळ द्यावा. जावा ९पासून ‘एक्सलॉग’ या पर्यायाने आणि त्याआधी ‘प्रिंट जीसी डीटेल्स’ या पर्यायाने हा लॉग सुरू होतो. त्याचा भार नगण्य असतो. तो उत्पादन सर्व्हरवर, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरवर, कायम चालू ठेवायला हवा आणि तो बंद का ठेवतात हे मला आजवर समजलेले नाही. फायलीच्या नावात सुरू झाल्याची वेळ घालावी, म्हणजे रीस्टार्टनंतर जुना पुरावा पुसला जात नाही. जावा ९ आणि त्यापुढे चालू प्रक्रियेलाही ‘जेसीएमडी’ या साधनाने लॉग सुरू करायला सांगता येते. मात्र ‘जेसीएमडी’, ‘जेस्टॅट’ ही साधने ज्या खात्यावर सर्व्हर चालतो त्याच खात्यावरून चालवावी लागतात आणि ती जेडीकेमध्ये (प्रोग्रामरच्या साधनसंचात) असतात, नुसत्या जेआरईमध्ये (फक्त प्रोग्राम चालवण्याच्या संचात) नसतात. ‘साधन चालत नाही’ या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी या दोनपैकी एक गोष्ट असते.

लॉगच्या प्रत्येक ओळीत सफाईपूर्वी किती मेमरी होती, सफाईनंतर किती राहिली आणि विराम किती वेळाचा होता हे दिलेले असते. इथे एक सावधगिरी हवी. बहुतेक ओळी ‘यंग’ सफाईच्या असतात. नव्याने निर्माण झालेल्या बहुतांश वस्तू लवकरच निरुपयोगी होतात, या अनुभवावर आधारलेली ही सफाई हीपचा फक्त तरुण भाग झाडते आणि जुन्या भागातला कचरा तसाच ठेवते. त्यामुळे यंग सफाईनंतरचा आकडा म्हणजे तळ नव्हे. जावा ९पासून मूळ निवड असलेल्या जी-वन या जीसीमध्ये ‘मिक्स्ड’ सफायांची एक फेरी पूर्ण झाल्यानंतरचा सर्वांत खालचा आकडा, किंवा ‘फुल’ सफाई झालीच असेल तर तिच्यानंतरचा आकडा, हा तळ मानावा.

समजा, दोन जीबीच्या हीपचा तळ सकाळी दहाला ४०० एमबी, बाराला ७००, तीनला ११०० आणि पाचला १६०० असा दिसला. वापरकर्त्यांची संख्या तेवढीच असताना तळ असा सरळ चढत असेल तर ती गळती आहे आणि हीप चार जीबी केल्याने अडचण फक्त काही तास पुढे ढकलली जाईल. तळ दिवसभर ५०० एमबीच्या आसपास राहिला आणि सफाया मात्र सेकंदाला अनेक होत असतील, तर कोणते तरी काम वेगाने कचरा निर्माण करते आहे. तळ सुरुवातीपासूनच १६०० असेल आणि तिथेच स्थिर असेल, तर या सॉफ्टवेअरला खरोखरच तेवढी जागा लागते. इथे रॅम वाढवणे हा खरा उपाय आहे आणि तो निःशंकपणे करावा. चौथे चित्र अचानक उंच उडीचे असते. तळ तासन्तास स्थिर असतो आणि एका मिनिटात छताला टेकतो. ती वेळ पहिल्या तपासणीतल्या नोंदीशी जुळवली की एखाद्या अहवालाचे नाव समोर येते.

घाईत असलेल्यांसाठी ‘जेस्टॅट’ हे साधन ‘जीसीयूटिल’ या पर्यायासह चालवले तरी जुन्या भागाची टक्केवारी आणि फुल सफायांची संख्या दर सेकंदाला दिसते. ती संख्या डोळ्यांदेखत वाढत असेल आणि टक्केवारी नव्वदीच्या खाली उतरतच नसेल, तर शेवट जवळ आला आहे असे समजून पुढच्या तपासणीचा पुरावा लगेच गोळा करावा.

मराठी नोंदी साठवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी एक टीप इथेच देतो. जावा ९पासून ज्या मजकुरात फक्त लॅटिन-१ संचातली अक्षरे असतात तो प्रत्येक अक्षराला एक बाइट घेतो. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आले की संपूर्ण मजकूर प्रत्येक वर्णचिन्हाला दोन बाइट या हिशेबाने साठवला जातो, आणि काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र वर्णचिन्हे म्हणून मोजली जातात. रोमन लिपीतल्या चाचणी-नावांवर केलेला मेमरीचा अंदाज मराठी नावांच्या सभासद-यादीवर तोकडा पडतो, तो यामुळे.

पाचवी तपासणी : वस्तूंची गणना, दोनदा

तळ चढतो हे कळले की काय साचते आहे ते पाहावे. ‘जेसीएमडी’च्या ‘क्लास हिस्टोग्राम’ या आज्ञेने कोणत्या वर्गाच्या किती वस्तू आहेत आणि त्या किती बाइट व्यापतात याची यादी मिळते. ही आज्ञा आधी पूर्ण सफाई करते, त्यामुळे सर्व्हर क्षणभर थांबतो. पतसंस्थेत दिवसअखेरीचे काम चालू असताना ती देऊ नये. एका यादीवरून निष्कर्ष काढू नये. पहिल्या क्रमांकावर जवळजवळ नेहमी बाइटचे (जावा ८मध्ये कॅरॅक्टरचे) ॲरे आणि त्यांच्या मागोमाग स्ट्रिंग असतात, कारण सगळा मजकूर त्यांतच राहतो. त्यांना पाहून दचकण्याचे कारण नाही. तास-दोन तासांच्या अंतराने दोन याद्या घ्याव्यात आणि फरक काढावा. आपल्या स्वतःच्या पॅकेजमधला जो वर्ग दुसऱ्या यादीत भरमसाट वाढलेला आहे, तिथून शोध सुरू करावा.

नाव मिळाले की कोड वाचायचा, आणि कोडमध्ये नेहमीचे संशयित ठरलेले असतात. सर्वांत वरचा मान मर्यादा नसलेल्या कॅशला, म्हणजे पुन्हा लागतील म्हणून हाताशी ठेवलेल्या नोंदींच्या साठ्याला, जातो : स्टॅटिक हॅशमॅप, ज्यात नोंदी फक्त घातल्या जातात. त्याचाच भाऊबंद म्हणजे ज्या वर्गाला ‘ईक्वल्स’ आणि ‘हॅशकोड’ (दोन वस्तू सारख्या आहेत का ते ठरवणाऱ्या पद्धती) लिहिलेले नाहीत त्याच्या वस्तू किल्ली म्हणून वापरणारा मॅप; एकच सभासद दर वेळी नवी किल्ली ठरतो, जुनी नोंद कधी सापडत नाही आणि कॅश असूनही प्रत्येक वेळी डेटाबेसकडे जावे लागते, असा दुहेरी तोटा होतो. तिसरा संशयित थ्रेड-लोकल, म्हणजे थ्रेडलाच बांधून ठेवलेली वस्तू. टॉमकॅटमध्ये विनंत्या हाताळणारे थ्रेड पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि त्यांची मूळ कमाल संख्या २०० असते; प्रत्येक थ्रेडवर पाच एमबीची वस्तू विसरली गेली तरी एक जीबी गुंतून पडतो. हा तळ चढता चढता एका ठिकाणी थांबतो, म्हणून ती गळती नाही असा समज होतो.

उंच उडीच्या प्रकारात संशयित वेगळे असतात. मायएसक्यूएलचा जावा ड्रायव्हर, वेगळे सांगितले नाही तर, क्वेरीचे संपूर्ण उत्तर मेमरीत आणतो. संपूर्ण आर्थिक वर्षाची खतावणी मागवली की लाखो ओळी एकदम हीपमध्ये येतात. पोस्टग्रेसमध्येही ओळींचा गट ठरवून दिला नाही आणि ऑटोकमिट बंद केले नाही तर तसेच होते. हायबरनेटच्या (डेटाबेसच्या नोंदी जावाच्या वस्तूंत आणणाऱ्या संचाच्या) एकाच सेशनमध्ये मोठी बॅच चालवली तर वाचलेली प्रत्येक नोंद सेशन संपेपर्यंत धरून ठेवली जाते. ठरावीक नोंदींनंतर सेशन रिकामे करणे हा त्यावरचा उपाय. आणि एक्सेल. अपाचे पीओआय या एक्सेल फाइली लिहिणाऱ्या संचाच्या नेहमीच्या पद्धतीने एक्सएलएसएक्स फाइल लिहिताना संपूर्ण कार्यपुस्तिका मेमरीत उभी राहते आणि ती तयार फाइलच्या कितीतरी पट जागा घेते. याच संचातली ‘एसएक्सएसएसएफ’ ही प्रवाही पद्धत वापरली तर, वेगळे सांगितले नाही तर, मेमरीत शंभरच ओळी राहतात आणि बाकीच्या तात्पुरत्या फाइलमध्ये जातात. माझ्याकडे येणाऱ्या मार्चअखेरीच्या तक्रारींत या एका बदलाने सुटलेल्या तक्रारी सर्वाधिक आहेत.

सहावी तपासणी : हीप डंप

गणनेवरून वर्ग कळतो, पण त्याला कोणी धरून ठेवले आहे ते कळत नाही. त्यासाठी हीपची संपूर्ण प्रत, म्हणजे हीप डंप, घ्यावा लागतो आणि एक्लिप्स मेमरी ॲनालायझरसारख्या साधनात उघडावा लागतो. त्यात ‘डॉमिनेटर ट्री’ उघडून ‘रिटेन्ड हीप’ या स्तंभाने क्रम लावावा. एखाद्या वस्तूची स्वतःची जागा काही बाइटच असते, पण ती नाहीशी झाली तर तिच्यासोबत किती मेमरी मोकळी होईल हे हा स्तंभ सांगतो. सर्वांत मोठ्या वस्तूवरून मुळापर्यंतचा मार्ग मागितला की धरून ठेवणाऱ्या फील्डचे नाव समोर येते.

ही तपासणी महाग आहे. डंप लिहिला जात असताना सर्व्हर पूर्ण थांबतो आणि मोठ्या हीपला यात मिनिटे जाऊ शकतात. डिस्कवर वापरातल्या हीपएवढी मोकळी जागा लागते. आणि डंप उघडणाऱ्या संगणकालाही भरपूर रॅम लागते. मेमरी संपताक्षणी आपोआप डंप घेण्याचा पर्याय आधीच लावून ठेवणे उत्तम, फक्त कर्नलने मारलेल्या प्रक्रियेच्या बाबतीत तो उपयोगी पडत नाही.

याहून गंभीर बाब गोपनीयतेची आहे. हीप डंपमध्ये त्या क्षणी मेमरीत असलेले सगळे असते : सभासदांची नावे, खाते क्रमांक, आधार क्रमांक, डेटाबेसचा पासवर्डसुद्धा. अशी फाइल व्हॉट्सॲपवरून किंवा खासगी ई-मेलवरून कोणाला पाठवू नये. वैयक्तिक डिजिटल डेटाच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये संमत झालेला आहे, पण तो नसता तरी हे करणे योग्य नव्हते. विश्लेषण संस्थेच्याच यंत्रावर करावे आणि काम झाल्यावर फाइल नष्ट करावी.

सातवी तपासणी : हीपच्या बाहेर

तळ स्थिर, हीप अर्धा रिकामा आणि तरीही प्रक्रियेची एकूण मेमरी फुगतच चालली असेल, तरच इथे यावे. ‘नेटिव्ह मेमरी ट्रॅकिंग’ हा पर्याय सुरू करून सर्व्हर चालू करावा, सुरुवातीची स्थिती नोंदवावी आणि काही तासांनी फरक मागवावा. थ्रेड, मेटास्पेस, कोड, जीसी यांपैकी काय वाढले ते त्यात दिसते. या पर्यायाने वेग पाच ते दहा टक्क्यांनी घटू शकतो, म्हणून तो कायम ठेवू नये. थ्रेड वाढत असतील तर प्रत्येक विनंतीला नवा थ्रेड-पूल उघडून तो बंद न करणारा कोड शोधावा. यात काहीच वाढताना दिसत नसेल, तर लिनक्सवरील ग्लिबसी हे ग्रंथालय (सॉफ्टवेअरची लायब्ररी) अनेक थ्रेडसाठी स्वतंत्र मेमरी-कप्पे करते आणि मोकळी झालेली जागा लगेच परत देत नाही, ही शक्यता उरते. ‘मॅलॉक अरेना मॅक्स’ हे पर्यावरण-चल दोनवर आणून पाहणे हा त्यावरचा निरुपद्रवी प्रयोग आहे.

जीसी बदलणे शेवटी का

इंटरनेटवर सर्वाधिक सल्ले याच विषयावर मिळतात आणि मी तो मुद्दाम तळाशी ठेवला आहे. गळती असेल तर जगातला कोणताही जीसी ती भरून काढू शकत नाही, कारण धरून ठेवलेल्या वस्तूंना हात लावण्याचा अधिकार कोणत्याच जीसीला नाही. तळ स्थिर आहे, स्वॅप नाही, कोडमधली उधळपट्टी आवरली आहे आणि तरीही विराम खुपतात, एवढे सिद्ध झाल्यावरच इकडे वळावे. जी-वनचे विरामाचे मूळ लक्ष्य २०० मिलिसेकंद असते. ते अवास्तव खाली आणल्यास सफाया वाढतात आणि एकूण कामाचा वेग घटतो. ज्यांना विराम मुळीच चालत नाहीत त्यांच्यासाठी झेडजीसी आहे. तो जावा १५मध्ये उत्पादनयोग्य ठरला आणि जावा २१मध्ये त्याला तरुण-जुने असे भाग मिळाले. पण तो आपले बहुतेक काम प्रोग्रामच्या बरोबरीने करतो, त्यामुळे त्याला मोकळे कोअर आणि मोकळी मेमरी दोन्ही हवीत. दोन कोअरच्या जुन्या यंत्रावर त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. आणि कोणा आधीच्या प्रोग्रामरने सदिच्छेने ‘सिस्टम.जीसी’ ही पूर्ण सफाई मागणारी आज्ञा कोडमध्ये पेरून ठेवली असेल, तर ती आधी काढून टाकावी.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

सॉफ्टवेअर विकत घेतलेले असेल आणि सोर्स कोड हाती नसेल, तर पाचव्या तपासणीपर्यंतच जावे आणि पुरावा विक्रेत्याकडे द्यावा. दुसऱ्याच्या जार फाइलमध्ये हात घालू नये. सर्व्हरवर पैशांचे व्यवहार चालत असतील आणि चाचणीसाठी वेगळे यंत्र नसेल, तर हीप डंपच्या आधी थांबावे. प्रक्रिया कोसळताना ‘एचएस_ईआरआर’ने सुरू होणारी फाइल मागे राहत असेल, तर ती जेव्हीएमच्या किंवा नेटिव्ह ग्रंथालयाच्या आतली बिघाडाची खूण आहे आणि जावाच्या नेहमीच्या प्रोग्रामरचे ते क्षेत्र नाही. सातव्या तपासणीत ट्रॅकिंग काहीच वाढ दाखवत नाही, अरेनाचा प्रयोगही निष्फळ ठरला आहे आणि मेमरी वाढतेच आहे, अशा ठिकाणीही जेव्हीएमच्या कार्यक्षमतेवर काम करणाऱ्या तज्ज्ञालाच बोलवावे.

तोपर्यंत रोज रात्री, दिवसअखेरीचे काम संपल्याची खात्री करून, ठरवून रीस्टार्ट करायला माझी हरकत नाही. त्याला कमीपणा मानू नये. फक्त जीसीचा लॉग चालू ठेवावा, म्हणजे तळ किती वेगाने चढतो हे दिसत राहते आणि रात्रीपर्यंत निभावेल की नाही याचा हिशेब दुपारीच करता येतो.

तज्ज्ञाला बोलवताना हाताशी ठेवावे ते असे : जावाची नेमकी आवृत्ती, सर्व्हर सुरू करतानाचे सगळे पर्याय, यंत्राची आणि कंटेनरची मर्यादा, निदान दोन वेळा मंद पडण्याचा काळ पूर्ण सामावणारा जीसीचा लॉग, तास-दोन तासांच्या अंतराच्या दोन गणना आणि पहिल्या तपासणीतली वही. हे सगळे तयार असेल तर तज्ज्ञाचा पहिला दिवस माहिती गोळा करण्यात जात नाही, आणि पुण्यात असे तज्ज्ञ दिवसाच्या हिशेबाने शुल्क घेतात.